मोरावरून गेलेलं चाक

गोंदियाच्या बाहेर, धानाच्या बांध्या संपतात तिथे विमान शिकवायची एक शाळा आहे. टिकेश तिथे विमानाच्या पंखासोबत चालायचा. जमिनीवर विमान सरकताना पंख कुठे लागेलसं दिसलं, की दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची. फुली म्हणजे थांब.

मागच्या दसऱ्याला विमानांची पूजा झाली. तिथेच झाडलोट करणाऱ्या रविताने, टिकेशच्या बायकोने, पिवळ्या रेघेवर रांगोळीचा मोर काढला होता. नारळ फुटला, सारे प्रसादाला गेले. आता रिवाजाप्रमाणे एक विमान थोडं पुढे न्यायचं होतं. समोर हाताने खुणा करून वाट दाखवायला मुकादम गोवर्धन. पूजेची रांगोळी तुडवायची कशी, म्हणून त्याने खुणावून विमान रेघेबाहेर वळवलं. टिकेशने फुली केली. शिकाऊ पायलट मुकादमाचाच हात पाहत राहिला, आणि पंख उभ्या विमानाच्या शेपटीत घुसला.

"टिकेशनंच हात करून बाजूला घेतलं," गोवर्धनने चौकशीत सांगितलं. घाबरलेल्या पायलटने मान डोलावली. टिकेशला काढलं.

गावात नाव पडलं, ठोक्या. पानठेल्यावर पोरं विचारत, "काऊन ठोक्याभाऊ, आज कोनतं विमान ठोकून राहिले?" पुढच्या हंगामाचं बियाणं जपावं तसा टिकेशने राग कोरडा ठेवला.

यंदाच्या दसऱ्याला कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं, म्हणजे रविताच्या नवऱ्यालाही.

"तोच मोर काढजो. तेथीच. पन मोठा," टिकेश तिला म्हणाला.

"डोस्कं फिरलं का जी तुमचं?"

"काढ त. अन् प्रसादाची परात दडवून ठेव."

नारळ फुटला. परात सापडेना, म्हणून कोणी हललं नाही. समोर पुन्हा गोवर्धन. विमान सरकलं. चाक पिसाऱ्याशी आलं तसा गोवर्धनचा हात हवेतच अडकला. बाजूला तीच शेपटी होती, आणि बघ्यांच्या रांगेत टिकेश, डोक्यावर हातांची फुली करून.

गोवर्धनने घाम पुसला, सरळ ये म्हणून खुणावलं. मोराची मान चाकाखाली गेली. इंजिन बंद झालं.

"अरेरे, गोवर्धनभाऊ! यंदा मोर तुडवला जी?" रांगेतून टिकेश ओरडला.

"मागच्या साली मोर वाचवाले म्या वळवलं त शेपूट फुटली न बे! आखीन कोन वळवते?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. शाळेचे मोठे साहेब त्याच्याकडेच पाहत होते.

"टिकेश, उद्यापासून कामावर ये," ते म्हणाले.

"येतो साहेब. पन पयले यानं माह्या गावच्या पानठेल्यावर येऊन हेच सांगावं."

संध्याकाळी गोवर्धन आला. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं. टिकेशने सावकाश पान तोंडात घातलं.

"मागं आयकू नाही आलं, भाऊ. आखीन एकडाव सांग."