पाठीच्या पाण्याचा रिपोर्ट आणि माझी जुळी बहीण

"बँड्स आहेत," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला.

'ऑलिगोक्लोनल बँड्स' आणि त्यापुढे 'पॉझिटिव्ह'. हे शब्द मी आधी फोनवर इतक्यांदा वाचले होते की त्यांनी समजावून सांगायच्या आतच मला कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. इतके दिवस नुसता संशय होता, आता त्याला नाव मिळालं.

शेजारच्या खुर्चीत माझी बहीण मंजू बसली होती. तिने माझा हात हातात घेतला. आम्ही जुळ्या आहोत, अगदी एकसारख्या, बोटांच्या नखांपर्यंत. पण माझ्या बोटांना तिचा हात जाड मोजा घातल्यासारखा लागत होता. तिला मात्र माझा हात नीट कळत असणार, असं मनात आलं आणि मी हात सोडवून घेतला.

ज्यांना पाठीतलं पाणी तपासायला सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तपासणीबद्दल माहिती बरीच मिळते. पण त्या दिवसांत शेजारच्या धडधाकट माणसाकडे बघताना मनात काय येतं, ते मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

सुरुवात पायांपासून झाली. एका सकाळी उठले तर दोन्ही तळवे बधिर. अवघडले असतील म्हणून सोडून दिलं. मग बधिरपणा गुडघ्यांपर्यंत आला, हातांच्या बोटांतही उतरला, आणि नंतर कमरेभोवती कोणीतरी पट्टा घट्ट आवळल्यासारखं वाटायला लागलं. पुण्यात शनिवार पेठेत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. जिना उतरताना पाय पायरीवर टेकला की नाही, हे मला खाली बघून ठरवावं लागायचं.

नवरा सलील मला न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, "याआधी डोळ्यांना काही?" आदल्या वर्षी माझा उजवा डोळा काही आठवडे धुरकट झाला होता. दिवसभर कॉम्प्युटरवर काम, त्यामुळे असेल, असं मीच ठरवलं होतं. कुठे दाखवलं नव्हतं.

एमआरआयमध्ये मेंदूत काही पांढरे ठिपके दिसले, एक मानेजवळ मज्जारज्जूत. सलीलने लगेच फोनवर वाचलेलं सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर मी बोलू का?"

मग त्यांनी समजावलं. मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असतं तसं एक आवरण असतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून त्या आवरणावरच हल्ला करते. हा आजार आहे असं म्हणायला दोन गोष्टी दिसाव्या लागतात: हल्ले वेगवेगळ्या जागी झालेत, आणि वेगवेगळ्या वेळी झालेत. जागा एमआरआयने दाखवल्या होत्या. वेळेचा पुरावा नव्हता, कारण डोळ्याच्या वेळी मी कोणालाच दाखवलं नव्हतं. त्यासाठी लंबर पंक्चर, म्हणजे कमरेतून सुई घालून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणं. त्याला सीएसएफ म्हणतात, आणि जुन्या हल्ल्यांच्या खुणा त्यात सापडू शकतात. हे कळल्यावर मंजू अमरावतीहून निघाली.

लंबर पंक्चरची भीती जितकी वाटते तितकं ते दुखत नाही. मला कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, आधी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं. नंतर फक्त दाब जाणवला, आणि एकदा डाव्या पायातून चमक गेली. पाणी थेंबथेंब नळ्यांमध्ये जमा झालं. अगदी नितळ होतं. त्याच वेळी हातातून रक्तही घेतलं. पाणी आणि रक्त दोन्ही लागतात, कारण त्यांची तुलना करायची असते. तुमचं रक्त घ्यायचं राहिलं तर आठवण करून द्या.

त्रास झाला तो दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलमध्येच. उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की थांबायचं. असं काहींना होतं. भरपूर पाणी प्या, कॉफी प्या, पडून राहा, असं मला सांगितलं होतं. मी छताकडे बघत पडून राहिले.

मंजू खालून चहा घेऊन येत होती. कॉरिडॉरमध्ये नर्सचा आवाज आला, "अहो मनीषाताई! आपल्याला झोपून राहायला सांगितलंय ना? आणि चक्क जिना चढून येताय?"

मंजू खळखळून हसली. "मी ती नाही हो, ती आत आहे." नर्स आत आली, माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं, आणि तीही हसली. शेजारच्या खाटेवरच्या आजी हसल्या. मी नाही हसले. एक मनीषा जिना चढून हातात चहा घेऊन आली होती, आणि एक मनीषा उशीवरून मान उचलू शकत नव्हती. जन्मभर लोक आमच्यात गोंधळले. आता कोणी गोंधळणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

मला वाटायचं रिपोर्ट एकदाच येतो. तसं नसतं. पहिला भाग लवकर येतो: पाण्यात पेशी किती, प्रोटीन किती, साखर किती. माझ्या पेशी ठीक, साखर ठीक, प्रोटीन किंचित वाढलेलं. सलीलने तो रिपोर्ट वाचला आणि जवळजवळ ओरडलाच, "नॉर्मल आहे!" त्याने सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "नॉर्मल आहे म्हणतोस, मग ही भिंतीला धरून का चालते?"

त्यांचंच बरोबर होतं. पेशी आणि साखर ठीक असणं म्हणजे मेंदूज्वर किंवा टीबीसारखा संसर्ग दिसत नाही, एवढंच. मल्टिपल स्क्लेरोसिस नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्यावरून खरं ठरणार होतं तो बँड्सचा रिपोर्ट वेगळ्या लॅबमधून यायचा होता आणि त्याला वेळ लागणार होता. मधल्या दिवसांत कोणी पेढे वाटायला लागलं तर थांबवा.

पण मंजूच्या जिवाचा घोर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून पर्वती चढून आली. घाम पुसत माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "काय मस्त वारं होतं गं वर. तू बरी झाली की दोघी जाऊ." तिच्या पोटऱ्या ताणून लालसर झाल्या होत्या. त्या माझ्याच पोटऱ्या होत्या. शाळेत आम्ही दोघी खो-खो खेळायचो. मी तिच्यापेक्षा जोरात पळायचे. हे मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं. मी म्हटलं, "जरा पंखा लाव."

मग तो बँड्सचा दिवस आला. डॉक्टरांनी कागदावर दोन उभे पट्टे काढले. एक पाण्याचा, एक रक्ताचा. पाण्याच्या पट्ट्यात आडव्या रेघा ओढल्या, रक्ताचा पट्टा कोरा ठेवला. "या रेघा म्हणजे अँटीबॉडीज, शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिनं. दोन्हीकडे सारख्या रेघा असत्या तर त्या शरीरातून तिथे गेल्या, असं म्हटलं असतं. तुमच्या फक्त पाण्यात आहेत. म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या आतच संरक्षणव्यवस्था काम करते आहे, आणि बऱ्याच काळापासून."

"म्हणजे नक्की?" सलीलने विचारलं.

"नुसत्या बँड्सवरून मी कधीच नक्की म्हणत नाही. दुसऱ्या काही आजारांतही त्या दिसतात. काही मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटमध्ये त्या नसतातही. पण यांची लक्षणं, एमआरआय आणि बँड्स एकाच दिशेने जातात. असाच दिसणारा दुसरा एक आजार आहे, त्याची रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली आहे. म्हणून आता नक्की म्हणते."

मग मंजू घसा खाकरून म्हणाली, "डॉक्टर, आम्ही जुळ्या आहोत. मग मलाही होईल का?"

त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' यावं, असं मला वाटलं. पूर्ण शुद्धीत वाटलं. सोबत हवी होती म्हणून नाही. एकटी मीच का, हे सहन होत नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "इतरांपेक्षा तुम्हाला धोका जास्त आहे, हे खरं. पण एकसारख्या जुळ्यांमध्येही बहुतेक वेळा एकीलाच होतो. तुम्हाला त्रास काही नाही ना? मग उगाच एमआरआय करत बसू नका."

मंजूने श्वास सोडला. तिचा चेहरा सैल पडला. मी तो बघितला. रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरांनी स्टिरॉइडची सलाइन सुरू केली, मज्जातंतूंची सूज उतरवायला. ती रोज हॉस्पिटलमध्ये जाऊन घ्यायची. त्याने झोप उडते, चिडचिड होते, तोंडाला धातूची चव येते. माझ्या चिडण्याला ते कारण आयतं मिळालं. मंजूने केलेला वरण-भात अळणी, तिने घातलेली चादर चुरगळलेली. ती निमूट ऐकायची.

एका दुपारी ती माझ्या तळव्यांना तेल लावत होती. मी म्हटलं, "कशाला लावतेस? मला कळतच नाही तुझा हात कुठे आहे."

"मग काय झालं? मला कळतं ना."

त्या वाक्याने माझा बांध फुटला. "हो, तुला कळतं! तुला सगळं कळतं! तुलाच का नाही झालं गं? एकाच पोटातून आलो ना आपण?"

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

मंजूने तेलाची वाटी बाजूला ठेवली. बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "काऊन तुला झालं, मला नाही, हे मी पण रोज विचारून राहिली. आणि खरं सांगू? विचारलं की आधी बरं वाटते. सुटलो बाप्पा, असं वाटते. मग तुझ्या तोंडाकडे पाहायची लाज वाटते, म्हणून तेल लावत बसते."

मी पाय जवळ ओढून घेतले.

"आणि तू एकटीच जळत नाही," ती पुढे म्हणाली. "तू पुण्यात आली, नोकरी लागली, सलीलभाऊ भेटले. मी तिथंच शिवणाचे क्लास घेऊन राहिली. लोक म्हणायचे, दोघी सारख्याच, मग एक इथं आणि एक तिथं कशी? दहा वर्षं ऐकून राहिली मी हे. तुझा फोन आला की मी आधी आवाज साफ करायची, मग उचलायची."

मला हे कधीच माहीत नव्हतं. आम्ही दोघी पलंगाच्या दोन टोकांना बसून होतो. थोड्या वेळाने सासूबाई आत आल्या. दोघींपुढे चहाचे कप ठेवले आणि म्हणाल्या, "भांडण झालं असेल तर घ्या. राहिलं असेल तर आधी ते संपवा, चहा मी परत गरम करणार नाही."

मंजू त्यानंतर आठवडाभर राहिली. आम्ही गळ्यात गळे घातले नाहीत. पण तिने सकाळी फिरून आल्यावर कुठपर्यंत गेली ते सांगणं थांबवलं नाही, आणि मी पंखा लावायला सांगणं थांबवलं. "आज मला तुझा राग येतोय," एवढं मी म्हणू शकायचे. ती म्हणायची, "येऊ दे."

स्टिरॉइडने पायांत जाणीव बरीच परत आली. तळव्यांत अजून वाळू असल्यासारखं वाटतं. नवे हल्ले टाळण्यासाठीचं औषध सुरू झालं. ते आजार बरा करत नाही, आटोक्यात ठेवतं. मी अर्धे दिवस घरून काम करते, उष्णतेने त्रास वाढतो म्हणून उन्हात जात नाही, जिना कठड्याला धरून उतरते. पुढच्या एमआरआयमध्ये नवा ठिपका नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, "छान. पण यावरून लगेच पुढच्या वीस वर्षांचं भविष्य काढू नका."

मागच्या महिन्यात मंजूचा फोन आला. आवाज साफ केलेला नव्हता. "मनू, माझ्या उजव्या हाताला मुंग्या येऊन राहिल्या. चार दिवस झाले. कोणाला सांगितलं नाही."

तिलाही व्हावं असं ज्या बाईला वाटलं होतं ती मीच, आणि आता तिला काही नसू दे म्हणत होते. मी विचारलं, कोणत्या बोटांना? अंगठा आणि शेजारची दोन. रात्री जास्त? हो. हात झटकला की कमी होतं? हो. डोळे? पाय? कमरेला आवळल्यासारखं? नाही, नाही, नाही. "उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा," मी म्हटलं. "गुगल करू नकोस. आणि मला लगेच कळव."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी जेवले नाही. फोन आला तेव्हा ती रडतच हसत होती. मनगटातली नस दबली होती. दिवसभर कात्री चालवून होतं तसं. रात्री पट्टा बांधायचा, कात्रीला थोडे दिवस सुट्टी.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरोखर सुटल्यासारखं वाटलं. आणि मग, अर्ध्या मिनिटात, तेच जुनं मनात वर आलं: हिचं नुसतं मनगट!

"मंजू," मी म्हटलं, "तू परत सुटलीस. मला राग आला तुझा."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "किती आला?"

"बराच."

"मग या दिवाळीत इकडे ये आणि समोर बसून राग कर," ती म्हणाली. "फोनवर मजा येत नाही."

मी तिकीट काढलं आहे.