लाँड्रीच्या छपरावरचं शेवाळ

माझी वहिनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. तिथले सर इंधनासाठी सूक्ष्म शेवाळ वाढवायचे, तेही परदेशी काचेच्या नळ्यांत. एक नळी फुटली की महिनाभर काम ठप्प. वहिनी एकदा घरी येऊन म्हणाली, "शेवाळ ते! मोरीत न बोलावता येतं. त्याला काचेचा महाल कशाला?" मी खो खो हसलो.

तिने जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या कडा इस्त्रीने चिकटवून लांब पिशव्या केल्या. त्यात पाणी, चिमूटभर खत आणि सरांकडून मागून आणलेलं वाटीभर हिरवं पाणी. जागेसाठी तिने शेजारच्या लाँड्रीवाल्याला गाठलं. त्याच्या बॉयलरच्या धुरावरून आमचं नि त्याचं कायम वाजायचं.

"तो धूर मला द्या," वहिनी म्हणाली. "तो खाऊन शेवाळ वाढतं. वाळवलं की तुमच्याच बॉयलरला सरपण."

लाँड्रीवाला तोंडाचा फटकळ. "महिन्यात पाच किलो वाळलेलं दाखवा, छप्पर तुमचं. नाहीतर गाशा गुंडाळा."

छपरावर वीस पिशव्या लटकल्या आणि धुराड्याला जोडलेल्या नळीने त्यांत धूर सोडला. दर तीन दिवसांनी वहिनी त्यातलं अर्धं पाणी निवळायला ठेवायची, तळाचा गाळ जुन्या चादरीतून गाळून ताटांत वाळवायची. पिशव्यांत पुन्हा भरायचं पाणी मात्र दोन दिवस उघड्या पिंपात उन्हात ठेवलेलं लागे. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात, ते शेवाळाच्याही जिवावर उठतं. पिंपं भरून ठेवायचं काम माझं होतं आणि बाविसाव्या दिवशी मी ते साफ विसरलो. विसरलो हे कळू नये म्हणून सरळ नळाची रबरी नळी लावून पिशव्या भरून टाकल्या!

दुपारी वहिनी आली. तिने एका पिशवीचं तोंड हुंगलं. "नळाचं घातलंस?"

"छे!" मी म्हणालो.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत हिरवा रंग फिका पडू लागला. तेव्हा मी कबूल केलं. ती धावत औषधाच्या दुकानात गेली, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या, कुटल्या आणि प्रत्येक पिशवीत घातल्या. त्याने क्लोरीन मरतं, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. नऊ पिशव्या वाचल्या. दुपारीच खरं बोललो असतो तर वीसही वाचल्या असत्या. त्या दिवशी तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिना भरला. काट्यावर चार किलो भरलं.

"पाच ठरलं होतं," लाँड्रीवाला म्हणाला.

"हो. उद्या पिशव्या उतरवते," वहिनी म्हणाली. सबब नाही, रडगाणं नाही. "एवढं जाळून मात्र दाखवा. मला बघायचंय."

मला राहवलं नाही. "चूक माझी आहे. मी नळाचं पाणी घातलं, वर खोटं बोललो."

लाँड्रीवाल्याने लाकडं बाजूला सारून शेवाळाच्या वड्या भट्टीत टाकल्या. वहिनी वाकून बघत राहिली. काही वेळाने वाफेच्या दाबाचा काटा हलला, चढला आणि इस्त्रीच्या यंत्रातून फुसकन वाफ निघाली. एवढी हरखलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. मला या बाईचा फार अभिमान वाटला.

लाँड्रीवाल्याने भट्टीचं दार लावलं. "उतरवू नका पिशव्या. पण या तुमच्या दिराला छपरावर पाऊल टाकू देऊ नका."

"तो येणारच," वहिनी म्हणाली. "खोटं तो बोलला, तसं खरं सांगायलाही तोच आला. मला तसाच माणूस हवाय."