उषाताईंनी माझं वाक्य कधी पूर्ण केलं नाही

उषाताईंची आणि माझी पहिली भेट हडपसरला, नोकरीच्या मुलाखतीत झाली. मी बोलताना अडखळतो. त्या दिवशी स्वतःच्या नावावरच अडलो. समोरच्या एकानं मदत म्हणून ते कागदावरून वाचायला घेतलं. मुलाखत घेणाऱ्यांत ताईही होत्या. त्या त्यांना म्हणाल्या, "अहो, त्यांचं नाव त्यांना येतं. घाई कुणाला आहे?" मग सगळे थांबले आणि मी नाव सांगितलं.

व्हिडिओवर प्रक्रिया करणारी एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आम्ही वापरायचो. कामाला वाघ, पण मेमरी कुणी घेतली, कुणी परत करायची, कशाला धरबंद नाही. ताईंनी तिच्यासाठी सुरक्षित बाइंडिंग, म्हणजे ती आणि आमचा प्रोग्राम यांना जोडणारा मधला कोड, लिहायला घेतलं; मेमरीची चूक असेल तर प्रोग्राम तयारच होऊ नये. शेजारणीची परात परत दिल्यावर तिच्यात कणीक मळायला जायचं नाही, असं त्या समजावत.

हे काम होतं सदाशिव पेठेतल्या एका वाचा-उपचार केंद्रासाठी. रुग्णाचं चित्रण फक्त मेमरीत राहावं, तपासून होताच पुसलं जावं, त्याची फाइल कुठेही बनू नये, हा ताईंचा हट्ट. आपलं अडखळणं कुणाच्या हाती पडेल या भीतीनं लोक कॅमेऱ्यासमोर बसतच नसत. मीही बसलो नसतो.

आणि तरी मीच माती खाल्ली. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी माझा भाग सारखा बंद पडत होता, म्हणून मी गुपचूप चित्रणाची फाइल बनवून वेळ मारून नेली. प्रात्यक्षिकात जिचं चित्रण झालं, त्या कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, "हे कुठे राहत नाही ना?" मी "नाही" म्हणालो. एकदाही न अडखळता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कोड वाचला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उत्तर तुम्ही दिलंत, खरं काय तेही तुम्हीच सांगा. मी येते सोबत." त्या मुलीसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पहिला शब्दच फुटेना. ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं वाक्य पूर्ण केलं नाही. अखेर मी खरं सांगितलं आणि तिच्यादेखत फाइल पुसली. ती म्हणाली, "नीट झालं की कळवा."

तो भाग ताईंनी माझ्याकडूनच पुन्हा लिहून घेतला. प्रत्येक धोक्याच्या ओळीवर ती सुरक्षित का, हे लिहायचं आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. "शब्द अडला तरी चालेल, कारण पक्कं हवं." नीट झाल्यावर मी त्या मुलीला कळवलं. ती आली, कॅमेऱ्यासमोर बसली. आता केंद्रात नंबर लावावा लागतो.

ताईंची साठी झाली. त्यांना निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांच्या शंभरीलाही मलाच लिहायला मिळो. त्यांच्या या गौरवग्रंथाच्या प्रकाशनाच्या दिवशी हा लेख मी स्वतः वाचणार आहे. सुरुवातच त्यांच्या नावानं आहे आणि तिथे मी हमखास अडेन. कृपया कुणी मदत करू नये. ताई थांबतील, आपणही थांबावं.