कोळशावरची मोटार

लढाई पेटली, पेट्रोल दिसेनासं झालं आणि आमच्या भागातल्या मोटारी कोळशावर धावायला लागल्या. धावायला कसल्या, रखडायला! पाठीमागं लोखंडी भट्टी, तिच्यात धुमसता कोळसा आणि त्याच्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन.

हा वायू काय असतो, ते शाळेत आमच्याकडून उर्दूत घोकून घेतलं होतं. मास्तर सांगायचे, कार्बनला चार हात. साखर, तेल, कापूस ही सगळी त्या हातांची करामत. पण जळताना कोळशाला हवा कमी पडली, की एका कार्बनला एकच ऑक्सिजन मिळतो आणि जहरी वायू तयार होतो. त्याला रंग न्हाय, वास न्हाय. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. आम्ही पोपटासारखं म्हणायचो.

त्या थंडीत धाकट्या बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी कळंबहून धाराशिवला आणत होतो. सोबत तिची सासू. बाई मनानं वाईट नव्हती, पण हुकूम असा सोडायची की तालुकदारानं मान खाली घालावी. भट्टीची ऊब मिळते म्हणून तिनं मागचंच बाक धरलं. पोरीला वारं लागू नये म्हणून ताडपत्रीचा पडदा चहूबाजूंनी आवळून घेतला.

येरमाळ्यापुढच्या चढावर मोटारीनं दम टाकला. ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं. बहीण डोळे मिटून पडली होती. मी तिला उठवायला गेलो तर सासू कडाडली, "दोन जिवाची हाय. झोपू द्या तिला." उतरल्यावर तिनं बाहेरून पडद्याची गाठ मारली. बहिणीच्या सासूपुढं तोंड उघडायची आपल्यात कुणाची छाती? गुमान चालायला लागलो. मोटार पुढं कण्हत चढत होती.

थोडं चालल्यावर सासू म्हणाली, उतरून बरं वाटलं बाई, आत डोकं नुसतं ठणकत होतं. माझंही ठणकत होतं. माझंही आता थांबलं होतं. आणि बहीण अजून आतच झोपली होती.

मी ओरडत पळालो. ड्रायव्हर थांबेना, चढावर थांबली तर पुन्हा हलणार न्हाय, ही त्याची धास्ती. मागं लोंबकळून गाठ दातांनी सोडवली. बहिणीला हलवलं तर मान लुळी पडली. आतून पत्र्यावर बुक्क्या घातल्या, तेव्हा कुठं त्या शहाण्यानं चाकाखाली दगड लावायला सांगितलं.

तिला रस्त्याकडेला उघड्यावर झोपवलं. सासू धापा टाकत आली, माझ्यावर खेकसली, मग सुनेचं तोंड पाहून मटकन बसली आणि अंगावरची शाल काढायला लागली.

"मावशी, पांघरू नका. वारं लागू द्या तिला."

त्या बाईनं माझं पहिल्यांदाच ऐकलं. मी येडेश्वरीला नवस बोललो, आणि जहर शिकवून उतारा न शिकवणाऱ्या मास्तरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. इतका मी उभ्या जन्मात भ्यालो नव्हतो.

शेवटी बहिणीला ओकारी आली. डोळे किलकिले झाले आणि पुन्हा मिटायला लागले. सासू तिचे गाल थोपटत रडू लागली. "झोपू नगं गं बाई. बोल. शिव्या दे मला, पण बोल."

सासूपुढं कधी मान वर न केलेली माझी बहीण हळूच म्हणाली, "आतून लई ओढली गाठ, आत्याबाई. सुटली न्हाय."