भिकूताईचा दाखला

परदेशातून दाखले मागवायच्या कामात कागद येवो न येवो, किस्सा मात्र हमखास पदरात पडतो. अशोकस्तंभाजवळ माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नव्वदनंतर पोरं कम्प्युटरकडे वळली आणि रिकाम्या टायपरायटरसमोर दुसरीच मंडळी येऊन बसू लागली. कोणाला लंडनमध्ये वारलेल्या काकांचा मृत्यूचा दाखला हवा, कोणाला एडनमधल्या आजोबांच्या लग्नाची नोंद! अर्ज मी टाइप करायचो. पत्ते, तिकिटं, रजिस्टर पोस्ट हे रिटायर्ड पोस्टमास्तर देशपांडे बघायचे. आम्ही दोघं स्वतःला एक्स्पर्ट समजायचो. ती एक्स्पर्टगिरी ज्यांच्यावर चालली ते सायखेड्याचे केरूनाना.

नानांची थोरली बहीण भिकूताई. लग्न होऊन मोम्बासाला गेली, नवरा तिकडे सुतारकाम करायचा. वर्षा-दोन वर्षांनी पत्र यायचं. एकदा पत्र आलं तेव्हा कांद्याची लावण चालू होती, उत्तर राहून गेलं. नंतर लिहिलं ते पत्ता बदलल्यामुळे परत आलं. पुढं एका लग्नात तिकडून आलेला कोणी तरी म्हणाला, "ती गेली म्हणे." बस, एवढंच!

नाना म्हणाले, "सर, मला तिची तिथी पायजे. आईबापाच्या माघारी तिनंच वाढवलं मला. तिचं श्राद्ध नीट व्हाया पायजे."

* * *

अर्जात पहिलाच रकाना होता, मयताचं नाव. नाना म्हणाले, "भिकूबाई." मी बापाचं नाव जोडलं, माहेरचं आडनाव टाकलं आणि तिकडच्या नोंदणी कचेरीला दिलं ठोकून.

पाच महिन्यांनी उत्तर आलं, 'नोंद आढळत नाही.'

पोस्टमास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, लग्नात नाव बदललं असेल ना! तांदळात कोणतं नाव लिहिलं होतं?"

"मी तवा सात वर्षांचा. माझं सगळं ध्यान बुंदीकडं!"

"पत्रावर सही काय करायची?"

"तुझी भिकूताई. माहेराला दुसरं काय लिहील?"

म्हणजे लग्नाच्या दिवशीच जी बाई कागदावरून संपली, तिला आम्ही मोम्बासात शोधत होतो! सासरच्या एका म्हातारीला गाठायला नाना तीनदा निफाडला गेले. दोनदा तिनं ओळख दिली नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "सुशीला ठिवलं व्हतं."

* * *

दुसरा अर्ज सुशीला नावानं केला. त्यात मृत्यूची तारीख विचारली होती.

नाना भडकले. "तीच तर आपण त्यांना इचारतोय!"

पोस्टमास्तरांनी समजूत काढली, "अंदाजे साल सांगा."

"आमच्याकडं गारपिटीत द्राक्षं झोपली, त्याच्या आगंमागं."

मी निमूटपणे पाच वर्षांचा काळ टाइप केला. उत्तर आलं, 'नोंद आढळत नाही.' पोस्टमास्तर चिडले. "जुनी दप्तरं उघडून बघायला नकोत यांना! चहा पीत बसत असतील!"

* * *

मग तिकडून पुरावा मागितला, अर्जदार मयताचा भाऊच कशावरून? नाना गावात ग्रामसेवकाकडे गेले.

तो म्हणाला, "भाऊ असल्याचा दाखला नाय देता येत. वारसाचं काय तरी करता येईल, पण त्याला बहिणीच्या मृत्यूचा दाखला जोडा."

"आरं, तो मिळावा म्हणूनच हे पायजे!"

"मंग तो आल्यावर या!"

नाना हे सांगताना हसले. मीही हसलो. पोस्टमास्तर हसले नाहीत. त्यांनी शंभर टक्के खरं वाटेल असं एक प्रतिज्ञापत्र तयार करून कोर्टातून शिक्के मारून आणलं. तिसरं उत्तर आलं, 'नोंद आढळत नाही.' तेव्हापासून मला ते पाकीट फोडायचीच भीती वाटायला लागली.

* * *

पंचवटीतल्या गुरुजींनी वेगळाच पेच टाकला. "बहीण सवाष्ण गेली की नवऱ्याच्या माघारी? सवाष्ण असेल तर अविधवा नवमी धरू."

"कागद आला की कळंल," नाना म्हणाले.

"तोवर सर्वपित्रीला करत जा."

नाना दर भाद्रपदात करू लागले. एका वर्षी छपरावर ठेवलेला घास कावळ्यानं ठेवल्या ठेवल्या उचलला. दुसऱ्या दिवशी नाना पेढे घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये हजर! "सर, पोचलं तिला!" या माणसाच्या हातात एक साधा कागद आपण ठेवू शकत नाही, याची मला लाज वाटली.

* * *

चौथ्या नकारानंतर मी म्हटलं, सोडून द्या. पोस्टमास्तर ऐकेनात. तोवर कॉलेज रोडला सायबर कॅफे निघाले होते. तिथून ई-मेलवर तिकडचा एक वकील गाठला आणि या खेपेला काळाच्या रकान्यात शेवटी 'आजपर्यंत' असं घातलं. का घातलं? पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडून आम्ही कंटाळलो होतो, म्हणून!

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पाकीट आलं. नानांना बोलावून घेतलं. धुतलेलं धोतर नेसून, नवी टोपी घालून आले.

मी कागद उघडला. नाव सुशीला. नवऱ्याचं नाव बरोबर. जन्म भारतातला. अवस्था, विधवा. मग तारीख दिसली आणि मी चष्मा पुसून ती पुन्हा बघितली.

"वाचा की, सर."

वाचली. मागच्या वर्षीच्या डिसेंबरातली होती.

पोस्टमास्तरांनी फाइल ओढली. चारही नकार टेबलावर मांडले. चारही त्या डिसेंबरच्या आधीचे. आम्ही ज्यांना सात वर्षं शिव्या घातल्या, त्या लोकांनी चारही वेळा खरं तेच कळवलं होतं.

नाना बोटांवर काही तरी मोजत होते. मोजता मोजता थांबले.

"म्हंजी पहिला अर्ज केला तवा..."

"होत्या, नाना," पोस्टमास्तर म्हणाले.

"दुसरा केला तवा बी?"

"तेव्हाही."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, मी कसला कागद मागत व्हतो, ते तिला तिथं कोणी सांगितलं नसंल ना?"