खिशातला बोल्ट

त्या वर्षी मी इतकी थकलेली असायचे की कुणी नुसतं "बस जरा" म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. सकाळी शाळा, दुपारी घरी ट्यूशनची पोरं, आणि उरलेल्या वेळात माझ्या वडिलांचं आणि नवऱ्याचं टपाल. टपाल अशासाठी म्हणते की हे दोघे एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. बाबा साताऱ्याकडचे, त्यांच्या लेखी जावयाला तोंडावर काही सुनावणं म्हणजे पाहुण्याच्या पुढचं ताट ओढणं. नवरा इथल्याच नागरवाड्यातल्या जुन्या मराठी घरातला, बोलण्यात गुजराती 'ने' मिसळलेला, आणि तिथे सासऱ्यापुढे मोजकं बोलायची रीत. मग जे काही असेल ते माझ्यामार्फत. "जावईबापूंना सांग, पंखा कुरकुरतोय." "बाबांना विचार ने, तेल कुठलं घालू?" आणि दोघेही बसलेले एकाच सोफ्यावर.

बाबांनी नोकरीचा सगळा जन्म रिफायनरीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढला. रिटायर झाल्यावर कोयलीचं कंपनीचं क्वार्टर सुटलं आणि आई-बाबा कारेलीबागेत आमच्याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. मुलीच्या घरात राहायचं नाही, पण मुलीच्या खिडकीसमोर राहायला हरकत नाही, असा त्यांनी काढलेला मार्ग. सोसायटीत कुणाचं मीटर बिघडलं, कुणाची घंटी वाजेना की बाबांना बोलावणं यायचं आणि ते टेस्टर खिशाला लावून निघायचे. आई म्हणायची, रिटायर झालेत की बढती मिळालीय तेच कळत नाही.

चाळिशीत लोकांना चष्मा लागतो, माझ्या नवऱ्याला जीप लागली. जुनी, उघडी, मागच्या बाकावर बसलं की हाडं मोजून घ्यावीत अशी. रविवारी सकाळी तो आणि त्याचे दोस्त आपापल्या गाड्या घेऊन महीकाठच्या कोतरांत जायचे. कोतरं म्हणजे नदीनं कोरलेल्या मातीच्या खोल घळी. रस्ता नसेल तिथून गाडी काढायची, अडकवायची, पुन्हा ओढून काढायची आणि चिखलानं माखून घरी यायचं, याला ते विश्रांती म्हणत. माझी विश्रांती म्हणजे ते घरी नसणं, म्हणून मीही काही बोलत नव्हते. आमचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता, तोही हट्टानं जायचा.

मग जीपला काचेच्या वर चार मोठे दिवे बसवले. रस्त्यावरच्या एका दुकानात, तासाभरात काम उरकलं. त्याच्या दुसऱ्याच रविवारी दोघे घरी आले ते जळक्या वासासकट. पाण्यातून गाडी काढताना डॅशबोर्डाखालून धूर निघाला होता. कुणीतरी हाताला फडकं गुंडाळून वायर उपटली म्हणून पुढचं टळलं. मुलगा हे सगळं एखादी शर्यत जिंकल्यासारखं सांगत होता. धूर निघाला तिथून त्याचे गुडघे वीतभर अंतरावर होते, ते मी नंतर गाडीत बसून पाहिलं.

बाबा खाली गेले, बॉनेट उघडून बराच वेळ वाकून राहिले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात आले.

"जावईबापूंना सांग, गाडी हलवायची नाही," ते म्हणाले. "वायर पत्र्याच्या भोकातून तशीच घातलीय. रबर नाही. गाडी हलते, धार घासते, आत तांबं उघडं पडतं. आणि फ्यूज कुठंय? फ्यूजच नाही. नातू बसतो माझा त्यात."

"तुम्हीच सांगा ना बाबा. बाहेरच बसलाय तो."

"मी कसा सांगू?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मी गॅस बारीक केला आणि गेले सांगायला.

नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबांना विचार, तेच करून देतील का?" बाबा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा उजळला, मी खोटं बोलत नाही. जावयानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

हाताखाली माणूस लागणार होता. जावयाला पाना धरायला सांगायचं त्यांना जमेना, म्हणून ते कामही माझ्याच गळ्यात पडलं. शनिवारी दुपारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवून मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पहिलाच हुकूम सुटला, "बांगड्या काढ." पाना आणि पत्र्याच्या मध्ये सोनं सापडलं तर मनगट भाजून निघतं, हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्यांची स्वतःची अंगठी कामावर जाताना देवापुढे असायची. पण वर गॅलरीत आई उभी होती. सवाष्णीनं भुंडे हात करून भर दुपारी चारचौघांत उभं राहायचं, तेही बापाच्या सांगण्यावरून, म्हणून ती वरूनच सुरू झाली. बाबांनी शांतपणे मान वर केली. "काचेच्या राहू देत. काचेतून वीज जात नाही." सोनं रुमालात बांधून वर गेलं, हिरव्या दोन बांगड्या हातात राहिल्या आणि शास्त्र व धर्म दोघांचंही समाधान झालं.

दुसरा नियम बॅटरीचा. कामाला हात घालायच्या आधी काळी वायर सोडायची, म्हणजे उणे बाजूची, आणि काम संपलं की तीच सगळ्यांत शेवटी जोडायची. पण बाबा नुसती सोडत नसत. तिच्या पकडीचा बोल्टच काढून शर्टाच्या खिशात टाकत आणि खिशाचं बटण लावत. प्लांटमध्ये कामाआधी स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे, आणि ज्याचा हात वायरीत, किल्ली त्याच्याच खिशात. मोठा साहेब आला तरी किल्ली द्यायची नाही. "भरवसा माणसावर नसतो गं ठेवायचा, खिशावर ठेवायचा," ते म्हणाले. इथे कुलूप नव्हतं म्हणून बोल्ट. नवरा एकदा गाडी बाजूला घ्यायला आला, त्यानं किल्ली फिरवली, काहीच होईना. बाबांनी खिशावर हात ठेवला आणि त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "त्यांना सांग, काम चालू आहे."

काम सुंदर चाललं होतं. बॅटरीजवळच फ्यूजची डबी बसवली. पिळून टेप गुंडाळलेले सगळे सांधे कापून काढले, त्याऐवजी तांब्याच्या टोप्या दाबून बसवल्या. पत्र्याच्या भोकात रबरी कडं आलं. सायलेन्सरच्या नळीपासून वायर लांब नेऊन विती-वितीवर बांधली. पण मधूनच बाबा वायर उजेडाकडे धरून उभे राहायचे. डोक्यात दुसरंच काही असल्यासारखं दाखवायचे आणि मग विचारायचे, "ही तपकिरीच ना?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले होते. "दिसतंय मला," एवढ्यावर तो विषय संपायचा. चहात ते साखरेऐवजी मीठ घालायचे आणि आई मुकाट्यानं चहा बदलायची. त्या घरात सगळेच त्यांचे डोळे झाले होते, फक्त त्यांना कुणी तसं म्हणायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी काम संपलं. बाबांनी बोल्ट लावला, बटण दाबलं आणि चारही दिवे भर दिवसा असे पेटले की समोरच्या ओट्यावरच्या गुजराती काकींनी "वाह, काका" म्हणून टाळी वाजवली. मुलगा उड्या मारायला लागला. उद्या सकाळी कोतरांत जायचं ठरलेलंच होतं. नवऱ्यानं पहिल्यांदाच सासऱ्याकडे बघून थेट म्हटलं, "मस्त झालं, बाबा." बाबा लाजले. मग त्यांनी पुन्हा बोल्ट काढून खिशात टाकला.

"आता कशाला?" मी विचारलं. मला घर गाठायचं होतं.

"तपासायचं राहिलंय. करणाऱ्यानं तपासायचं नसतं. दिवा लागला म्हणजे काम बरोबर झालं असं नाही. तू बघ, मी चहा घेऊन येतो."

खरं सांगायचं तर मी नाइलाजानं वाकले. त्यांनी शिकवलेलं तसं, बॅटरीपासून बोटानं वायर धरून निघायचं, डोळ्यांवर विसंबायचं नाही. दुकानदाराची जुनी लाल वायर अजून बॅटरीच्या अधिक बाजूला अडकवलेली होती, ती काढून टाकायची होती. नवी तपकिरी वायर फ्यूजमधून दिव्यांकडे जायची होती. माझं बोट लाल वायरीवरून निघालं आणि कुठेही न थांबता दिव्यांच्या सांध्यापर्यंत पोचलं. तपकिरी वायर टोकाला टेप लावून, नीट घडी करून बाजूला बांधलेली होती. टाकायची ती जोडली होती आणि जोडायची ती बांधून ठेवली होती. दिवे झकास लागत होते आणि फ्यूजची डबी नुसती शोभेला होती. उद्या कुठे वायर दबली असती, तर तो धूर पुन्हा निघाला असता, तिथेच, माझ्या मुलाच्या गुडघ्यापाशी.

मी पायरीवर बसले. पाना हातात होता. सांधा सोडून दुसरी वायर जोडायला दहा मिनिटं लागली असती आणि कुणाला कळलंही नसतं. आयुष्यभर मी तेच करत आले होते. इकडचं तिकडे सांगताना टोकं बोथट करायची, चहा बदलायचा. फार सोपं होतं ते, आणि मला सोपं काहीतरी हवं होतं. पण पुढच्या महिन्यात ते सोसायटीतल्या कुणाच्या तरी मीटरला हात घालणार होते, आणि तिथे बारा व्होल्टची बॅटरी नसते.

बाबा मिशा पुसत खाली आले. "झालं?"

"एक राहिलंय, बाबा."

"कुठं?"

मी त्यांचा हात धरला आणि बोट लाल वायरीवर ठेवलं. ते बोट हळूहळू पुढे गेलं, डबीच्या शेजारून, डबीला न शिवता, थेट सांध्यापर्यंत. तिथून परत बॅटरीपर्यंत आलं. पुन्हा गेलं. मग त्यांनी बांधून ठेवलेली वायर चाचपली, तिच्यावरचा स्वतःचा टेप ओळखला.

"ही लाल आहे?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

"हो, बाबा."

"मला दोन्ही मातीच्याच दिसतात."

नवरा मागे येऊन उभा होता, ते मला दिसलं. मी सवयीनं तोंड उघडलं, काहीतरी मऊ, मधलं सांगायला. बाबांनी हातानंच मला थांबवलं आणि त्याच्याकडे वळले.

"जावईबापू, माझ्या हातून चुकलं. गाडी आज देत नाही." मग म्हणाले, "डोळे करून घ्यायचे म्हणतो. तुम्ही याल बरोबर?"

"येईन ने, बाबा," तो म्हणाला.

दोघे इतकं पहिल्यांदाच बोलले आणि मधे मी नव्हते. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बाबांनी खिशाचं बटण सोडलं, बोल्ट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. त्यांच्या अंगाच्या उबेनं तो गरम होता.

"काम आता तुझं," ते म्हणाले आणि टॉर्च धरून माझ्या शेजारी उभे राहिले.