जंगलाचा पडदा आणि चौथीचा वर्ग

प्रशिक्षण संपलं तेव्हा आम्हा प्रत्येकीच्या हातात एक मोठा लिफाफा दिला होता. त्यात सहा चित्रं होती, लॅमिनेशन केलेली. मुलांना चित्र काढायला लावणं वेगळं आणि चित्र बघायला शिकवणं वेगळं, हे आम्हाला तीन दिवस सांगत होते. चित्र समोर धरायचं, मिनिटभर गप्प राहायचं आणि मग एवढंच विचारायचं की काय दिसतंय, आणि कशावरून तसं वाटतं. बरोबर-चूक म्हणायचं नाही. वीस वर्षं शिकवल्यानंतर प्रशिक्षणातली एखादी गोष्ट मनापासून पटण्याचा प्रसंग फारसा येत नाही. मला हे पटलं.

मी लाखनीत राहते. रोज सकाळी हायवेवरच्या ट्रकांना चुकवत स्कूटी काढायची, मग आतल्या रस्त्याला लागायचं, तलावाच्या पाळीवरून गेलं की आमची शाळा. चौथीत एकोणीस मुलं, सगळी धान करणाऱ्या घरांतली. शनिवारचा शेवटचा तास मी चित्रांसाठी ठेवला.

पहिल्या शनिवारी एका बाईचं चित्र दाखवलं. ती पाठमोरी उभी होती आणि समोर नदी होती.

"काय दिसतं?"

"बाई."

"अजून?"

"नदी."

शेवटी एक मुलगा उठला आणि पुस्तक वाचावं तशा सुरात म्हणाला, "हे चित्र मला खूप आवडले." लगेच सगळ्यांना ते आवडलं. का आवडलं म्हणून विचारलं तर दुसरा म्हणाला, "या चित्रातून आपल्याला पाणी जपून वापरावे असा बोध मिळतो."

तीन शनिवार हेच चाललं. चित्र बदलायचं, बोध बदलायचा. मुलं चित्राकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवते का, भुवई उचलते का, त्यावरून पुढचा शब्द ठरत होता. चौथ्या शनिवारी माझा ताबा सुटला. "तुम्हाला डोळे आहेत की नाही?" असं मी मोठ्यानं विचारलं. एकोणीसही जण जमिनीकडे बघू लागले. त्या दिवशी परत येताना मला स्वतःचीच चीड आली. त्यांना हे असं उत्तर द्यायला शिकवलं कोणी होतं? पहिलीपासून तीनच शिक्षक त्यांना मिळाले, त्यातली एक मी.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. मंडई म्हटली की आमच्याकडे नाटक असतंच. नाटकवाल्यांनी दुपारी शाळेच्या मैदानावर आपले पडदे पसरून ठेवले होते, आणि एक म्हातारे पेंटर गुडघ्यावर बसून कुठे कुठे उडालेला रंग पुन्हा लावत होते. सगळे पडदे त्यांनीच रंगवलेले. एक महालाचा, एक रस्त्याचा, एक जंगलाचा. मी गणिताचा तास सोडला आणि मुलांना बाहेर घेऊन गेले.

"पाय नोका देऊ रे," पेंटर म्हणाले, "ओला हाय रंग."

एक मुलगा महालाच्या पडद्यापाशी वाकून बसला आणि म्हणाला, "बाबाजी, तुमचा खांब वाकडा झाला."

"दूर जाऊन पाह्य."

तो मैदानाच्या टोकाला पळाला आणि तिथून ओरडला, "आता सिधा दिसते." मग सगळेच पळाले. जवळ यायचं, वाकडा बघायचा, दूर जायचं, सिधा बघायचा. माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं.

वर्गात एक मुलगी होती, विचारल्याशिवाय न बोलणारी. आईबरोबर मोहफुलं वेचायला जंगलात जायची, त्या दिवसांत शाळा बुडायची. ती जंगलाच्या पडद्यापुढे एकटीच उभी होती. मी शेजारी जाऊन गप्प उभी राहिले.

"म्याडम, याच्यात रस्ताच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्या जंगलात पायवाट राहते. बाया जाऊन जाऊन पडते. इथं कोनीच गेलं नाही."

पेंटरांनी ब्रश डब्यात ठेवला. "इतके वर्सं झाले, मले कोनी हे इचारलं नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम काढत नाही, बाई. रस्ता काढला तं पाहनाऱ्याची नजर त्या रस्त्यानं आत निंगून जाते. मंग समोरचा नट कितीबी रडला तं त्याले कोन पाहीन?"

ती पडद्यापासून दोन पावलं मागे सरली. "मंग त्याले हरवल्यासारखं वाटत असन."

"कोनाले?"

"नटाले."

"तसंच वाटाले पायजे. जंगलाचा पडदा लागला म्हंजे नाटकात कोनी ना कोनी हरवलंच राहते."

यापुढे जे झालं ते माझ्या हातून झालं. वर्गात परत आल्यावर मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या जंगलात रस्ता नाही.' तिला उभं केलं, तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. "असं बघायचं असतं," म्हणाले. आनंदात केलं, पण केलं.

पुढच्या शनिवारी बाजाराचं चित्र लावलं. पहिला हात वर आला. "या चित्रात रस्ता नाही." दुसरा हात, तेच. चित्राच्या मधोमध चांगला रुंद रस्ता होता, त्यावर माणसं चालत होती, तरी तेच. मला आधी हसू आलं, पाचव्या मुलापर्यंत ते गेलं. त्या मुलीनं हात वर केलाच नाही. तास सुटल्यावर तिला विचारलं तर म्हणाली, "माहं सगळेच सांगून राहिले, मंग मी काय सांगू?"

मग मी फळ्यावर लिहिणं बंद केलं. दोन शनिवारांत मुलांनी त्याचाही अर्थ काढला. म्याडमनं लिहिलं नाही, म्हणजे उत्तर चुकलं.

अशात मुख्याध्यापक सांगत आले, की गुरुवारी वरचे साहेब येत आहेत, तुमचा चित्रांचा उपक्रम दाखवू. मुख्याध्यापक वाईट माणूस नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मुलं शाळेत आली नाहीत तर मोटरसायकल घेऊन बांधावर जातात आणि एकेकाला मागे बसवून आणतात. मी त्यांना म्हणाले, "सर, यांना अजून जमलेलं नाही." ते म्हणाले, "मी पाहून घेतो."

सोमवार-मंगळवार मला मतदारयादीच्या कामाला लावलं होतं. बुधवारी आले तर एकोणीस वह्यांमध्ये सुवाच्य अक्षरात सहा चित्रांची सहा उत्तरं लिहिलेली. चौथ्या चित्रात झाडं आणि बैल होते, म्हणून त्याखाली होतं, 'प्रस्तुत चित्रातील वनामध्ये मार्ग दिसत नाही. त्यावरून एकाकीपणाची भावना सूचित होते.'

"सर, हे काय केलं?"

"तुमचंच तं आहे म्याडम. मी फक्त शुद्ध केलं."

"ते त्या मुलीचं होतं. आणि दुसऱ्याच चित्राबद्दल होतं."

"आता सगळ्याईचं झालं. एका पोरीले येत होतं, आता एकोणिसाईले येते. त्यात वाईट काय?"

पाढे मीही असेच पाठ करून घेतले होते. काही गोष्टी एकाकडून सगळ्यांकडे जाताना मरतात, हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळेना, आणि गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता.

साहेब आले. हातात मुख्याध्यापकांनी दिलेला उत्तरांचा कागद होता. तीन मुलांनी घडाघडा सांगितलं, साहेब खूश. चौथं चित्र वर धरून त्यांनी नेमकं त्या मुलीकडे बोट केलं. ती उठली. चित्राकडे बघत राहिली. वर्गात तेवढी एकटीच चित्राकडे बघत होती.

"याच्यात रस्ता हाय," ती म्हणाली. "बैलाच्या पायामागं. थोडासाच दिसते."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. "नीट बघ, बाळ. आठवून सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की साहेब, तुम्ही चित्र बघा. चार शब्द. मुख्याध्यापक माझ्या बाजूला उभे होते, दारात शाळा समितीची माणसं होती. मी बोलले नाही. बरोबर-चूक सांगायचं नाही असा नियमच आहे, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलंसुद्धा. ती आणखी थोडं थांबली आणि मग पाठ केलेलं उत्तर तिनं न अडखळता सांगितलं. एकाकीपणाची भावनाही सांगितली.

"शाब्बास," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर मी ते चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं. रस्ता होता. बैलाच्या मागच्या पायांमध्ये बोटभर तपकिरी पट्टी, पुढे झाडांत गेलेली. मी ते चित्र किती वेळा हातात धरलं असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी मुलांकडे तोंड करून धरलं, मी कधी बघितलंच नव्हतं.

खिचडीच्या सुट्टीत ती नळावर ताटली धूत होती. मी जवळ जाऊन म्हणाले, "रस्ता आहे. तुझं बरोबर होतं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"मंग सायेब काहून म्हने नीट पाह्य?"

"त्यांनी चित्र नाही पाहिलं. कागद पाहिला."

"आन् तुमी?"

"मी घाबरले."

तिनं ताटली झटकली. मोठी माणसं घाबरतात यात तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "हव," एवढं म्हणून ती वर्गात गेली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत शनिवारच्या तासाला ती व्यवस्थित उत्तरं देत राहिली, जशी मला हवी असतील असं तिला वाटायचं तशी. मी खूप प्रयत्न केले. चित्र देऊन वर्गाबाहेर जाऊन बसले, दोघादोघांना आपसांत बोलायला लावलं. बाकीची काही मुलं हळूहळू मोकळी झाली. ती नाही झाली. आता ती पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाते.

साहेबांनी शेरा उत्तम लिहिला होता. त्यामुळे आसपासच्या शाळांच्या मासिक बैठकीत मला उपक्रम सांगायला उभं केलं. मी सगळं सांगितलं, पडद्यापासून नळापर्यंत. मुख्याध्यापक दुसऱ्या रांगेत बसले होते, ते पूर्ण वेळ आपल्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. बाहेर निघाल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "मले आधी सांगाले पायजे होतं म्याडम." यात ते खोटं बोलत नव्हते. मी आधी फक्त चिडले होते, त्यात नेमकं काय बिघडतं ते सांगितलं नव्हतं.

त्याआधी, माझं बोलून झाल्यावर, काही प्रश्न आहे का म्हणून विचारलं होतं. एका शिक्षिकेनं हात वर केला, तिनं मी बोलताना सगळं लिहून घेतलं होतं. "म्याडम, ते सहा उत्तरं ग्रुपवर टाकता का?"

मी सहा चित्रांचे फोटो टाकले, उत्तरं टाकली नाहीत. अजूनही अधूनमधून एखादा मेसेज येतो, की फाईल अर्धीच आली आहे, पूर्ण पाठवा. मी तो वाचते आणि फोन पर्समध्ये ठेवते. पुढचा शनिवार जवळ आलेला असतो आणि त्या तासाला काय करायचं, ते माझं मलाच अजून ठरवायचं असतं.